नेमकं अडलं कुठे?

माझ्या आत्याची दोनदा पिशवी धुतली होती. आमच्या घरात हे वाक्य असंच बोललं जायचं. कोणी धुतली, कशासाठी धुतली, त्यातून काय निघालं, हे कोणी विचारत नसे. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून पहिल्यांदा. सहा वर्षं झाली तरी नाही, म्हणून दुसऱ्यांदा. मधल्या काळात नरसोबाच्या वाडीला औदुंबराला प्रदक्षिणा झाल्या, नवस झाले, कुणी सांगितलेले काढे पिऊन झाले. पुढे हळूहळू डोहाळजेवणांची आणि बारशांची बोलावणी तिच्यापर्यंत पोहोचेनाशी झाली. सासूबाई "हिची कूस उजवली नाही" एवढंच म्हणत आणि एवढंच पुरेसं असे.

याच आत्याच्या मानेवर उजव्या बाजूला सुरकुतलेला एक व्रण आहे. लहानपणी आम्ही भावंडं त्याला बोट लावून विचारायचो, तेव्हा ती सांगायची, "तेरा वर्षांची होते, तेव्हा गंडमाळ फुटली होती. मिरजेला किती महिने सुया टोचून घेतल्या!" गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय. सुया बहुधा स्ट्रेप्टोमायसिनच्या.

मानेवरचा व्रण आणि न झालेलं मूल, या दोन गोष्टी आमच्या घरात पन्नास वर्षं शेजारी शेजारी राहिल्या. त्या कोणी एकत्र मांडल्या नाहीत. मीही नाही, आणि मी तर पेशींच्या जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेली. गेल्या वर्षी मँचेस्टरच्या एका क्लिनिकमध्ये मी स्वतःचा एक्स-रे पाहत बसले होते. गर्भाशयातून रंगद्रव्य सोडून ते नळ्यांतून पुढे जातं का, हे पाहायची ही तपासणी. उजवीकडे एक बारीक रेघ वळणं घेत पोटात मोकळी झाली होती. डावीकडे मात्र टोकाशी बंद झालेली, पडवळासारखी फुगलेली एक आकृती होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्हाला कधी टीबी झाला होता? तुम्ही भारतातल्या, म्हणून विचारते." मला झाला नव्हता. माझं नवव्या वर्षी अपेंडिक्स फुटलं होतं आणि माझ्या नळीचं कारण बहुधा तेच. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. आत्याला हा प्रश्न कोणी विचारला होता का?

त्या संध्याकाळपासून मी नळ्यांचा इतिहास वाचत सुटले. वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसत गेली. मूल का होत नाही, या प्रश्नाला शतकानुशतकं "कोणामुळे?" असं वळण दिलं गेलं. वैद्यकाची जी काही प्रगती झाली, ती "कोणामुळे?" सोडून "नेमकं कुठे?" असं विचारल्यावर झाली.

दहा-बारा सेंटिमीटरची वाट

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या या नळ्यांना शास्त्रीय मराठीत बीजवाहिन्या म्हणतात, बोलताना सगळे 'ट्यूब' म्हणतात. लांबी साधारण दहा-बारा सेंटिमीटर. गर्भाशयात शिरते तिथे आतली पोकळी एक मिलिमीटरहूनही अरुंद. बीजकोशाकडचं तोंड मात्र झालरीसारखं उघडं. बीज बाहेर पडलं की ही झालर ते टिपून घेते. नळीच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म केस असतात, त्यांच्या लाटांवर बीज पुढे सरकतं. शुक्रजंतू आणि बीज यांची गाठ नळीतच पडते आणि तयार झालेला गर्भ चार-पाच दिवसांनी गर्भाशयात उतरतो. म्हणजे नळी ही नुसती वाट नाही, आयुष्याचे पहिले दिवस तिथेच जातात.

इतकी नाजूक जागा सूज आली की चिकटते. सूज ओसरते, चिकटलेलं सुटत नाही. आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. पाळी नियमित येते, वजन ठीक असतं, चेहऱ्यावर तेज असतं. अशा बाईला मूल झालं नाही की लोक कारण तिच्या नशिबात, पत्रिकेत किंवा स्वभावात शोधतात.

नळी चिकटण्यामागचं एक मोठं कारण १८७२ साली एमिल नोएगराथ या न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जर्मन डॉक्टरने मांडलं. त्याचं म्हणणं असं की, लग्नापूर्वी परमा झालेले पुरुष बरे झालो असं समजून लग्न करतात, पण आजार आत दडून राहतो, तो बायकोला लागतो आणि तिच्या नळ्यांना सूज येऊन तिला वंध्यत्व येतं. निर्व्यसनी, घरंदाज बायकांना मूल का होत नाही, याचं उत्तर त्याने नवऱ्यांच्या भूतकाळात दाखवलं. १८७६ मध्ये त्याने हेच अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलं, तेव्हा सहकाऱ्यांनी ते उडवून लावलं. १८७९ मध्ये आल्बर्ट नाइसरला परम्याचा जंतू सापडला आणि मग नोएगराथची टिंगल हळूहळू थांबली. त्याचे सगळे आकडे बरोबर नव्हते, पण दिशा बरोबर होती.

तरीही जिवंत बाईची नळी उघडी आहे की बंद, हे पोट न फाडता कळायला १९१९ उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्याच इसिडोर रुबिनने गर्भाशयातून वायू सोडायची युक्ती काढली. नळी उघडी असेल तर वायू पोटात शिरून वर पडद्याखाली साठतो आणि बाई उठून बसली की तिचा खांदा दुखतो. खांदा दुखला म्हणजे वाट मोकळी! पुढे रंगद्रव्य आणि एक्स-रे आले. म्हणजे मी ज्या टेबलावर झोपले, त्या तपासणीचं तत्त्व आत्याच्या लग्नाआधी पन्नास वर्षं माहीत होतं.

क्षयाची मुकी वाट

युरोप-अमेरिकेत नळ्या बिघडवणारे आजार म्हणजे परमा आणि पुढे लक्षात आलेला क्लॅमिडिया. भारतात त्यांच्या जोडीला क्षय आहे, आणि तो फार चोरपावलांनी येतो. फुप्फुसातून किंवा गाठींतून जंतू रक्तावाटे नळ्यांपर्यंत पोहोचतात. बऱ्याचदा हे वयात येण्याच्या सुमाराला घडतं. पोटात दुखतंच असं नाही, ताप येतोच असं नाही. मुलगी बरी होते, वजन भरतं, लग्न होतं. आणि मग वर्षं जात राहतात.

क्षयाची दुसरी खोडी जास्त वाईट. तो नळ्यांवर थांबत नाही, काहींच्या गर्भाशयाच्या अस्तरापर्यंतही पोहोचतो. नळी बंद असेल तर तिला वळसा घालता येतो, पण अस्तरच जळून गेलं असेल तर उत्तम गर्भ तयार करूनही तो रुजवायचा कुठे? म्हणून आजही भारतात नळ्या बंद दिसल्या की चांगले डॉक्टर क्षयाचा विचार आधी करतात.

पिशवी धुताना निघालेलं अस्तर क्षयासाठी तपासता येतं. आत्याचं दोन्ही वेळा निघालेलं अस्तर कुठे पाठवलं होतं का, हे मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा कोण पाठवत होतं?" कागद एकही शिल्लक नाही. आणि आणखी एक गोष्ट वडील जरा थांबून बोलले. आत्याच्या यजमानांची तपासणी कधी झालीच नाही. ते एक साधी शुक्रजंतूंची तपासणी करून घेऊ शकले असते. तशी सूचना करायची कोणाची छाती झाली नाही.

म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही की आत्याला मूल झालं नाही ते क्षयामुळेच. शक्यता मोठी आहे, पुरावा नाही. पुरावा असू शकला असता, पण तो कोणी ठेवला नाही.

ओल्डहॅमच्या वह्या

मँचेस्टरच्या ईशान्येला ओल्डहॅम आहे. सूतगिरण्यांचं गाव, गिरण्या बंद पडल्यावर दमून बसलेलं. त्याच्या शेजारच्या रॉयटनमध्ये केरशॉज नावाचं एक छोटं रुग्णालय होतं, तिथे आता अखेरच्या आजारातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था आहे. एका शनिवारी मी तिथवर जाऊन बाहेर उभी राहून आले. लाल विटांची इमारत, समोर नीटस बाग. जगातलं पहिलं 'टेस्ट ट्यूब बेबी' होण्यामागची बरीचशी मेहनत इथल्या एका लहानशा प्रयोगशाळेत झाली, हे सांगूनही खरं वाटू नये.

रॉबर्ट एडवर्ड्स केंब्रिजचा शास्त्रज्ञ. मानवी बीज शरीराबाहेर पिकवायला किती वेळ लागतो, यावर त्याने वर्षं घालवली होती. १९३०च्या दशकातल्या ग्रेगरी पिंकसच्या कामावरून सगळे बारा तास धरून चालत. एडवर्ड्स बारा तासांनी पाही, बीज जसंच्या तसं. शेवटी त्याने नुसतं थांबायचं ठरवलं, तेव्हा उत्तर निघालं ३६-३७ तास. हे १९६५ साली छापून आलं. आजही बीज काढण्याआधीचं शेवटचं इंजेक्शन रात्री अगदी ठरावीक वेळेला घ्यायला लावतात आणि साधारण ३६ तासांनी बीज काढतात. मी रात्री साडेअकराला मोबाइलचा गजर लावून ते इंजेक्शन घेतलं, तेव्हा मला या थांबून राहिलेल्या माणसाची आठवण झाली.

पॅट्रिक स्टेप्टो ओल्डहॅमचा स्त्रीरोगतज्ज्ञ, दुर्बिणीतून पोटात पाहण्याच्या तंत्रातला इंग्लंडमधला अग्रणी. आणि तिसरी जीन पर्डी, मूळची परिचारिका, १९६८ पासून एडवर्ड्सची सहकारी. प्रयोगशाळा तिने उभारली, चालवली, नोंदी ठेवल्या. १९७१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने या कामाला पैसे नाकारले. माकडांवर पुरेसे प्रयोग झालेले नाहीत, हा एक आक्षेप. शिवाय लोकसंख्या वाढत असताना वंध्यत्वावर उपचार कशाला, हाही विचार त्या काळात सर्वत्र होताच. आपल्याकडे तर तेव्हा भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण रंगवलेला होता. मूल जास्त होणारी बाई सरकारला दिसत होती, मूल न होणारी दिसतच नव्हती.

मग एडवर्ड्स आणि पर्डी सात वर्षं केंब्रिज ते ओल्डहॅम गाडीने ये-जा करत राहिले. त्या काळातल्या वह्या पुढे अभ्यासकांनी पानन् पान तपासल्या. १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रिया या उपचारासाठी स्वेच्छेने आल्या. साडेचारशेहून अधिक पाळीचक्रांमध्ये प्रयत्न झाले. ११२ वेळा गर्भ गर्भाशयात सोडण्यापर्यंत मजल गेली. गर्भ राहिला पाच जणींना. बाळं जन्मली दोन.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थोडा वेळ काही सुचलं नाही. २८२ जणींपैकी २८० रिकाम्या हाताने घरी गेल्या. त्यांतल्या बहुतेकींना भूल देऊन पोटावर छेद घेतलेले. आपल्याला काही मिळालं नाही तरी पुढच्या कुणाला मिळेल, हे त्यांतल्या अनेकींना कळत होतं. इतिहासात त्यांची नावं नाहीत, पण त्यांच्या शरीराने दिलेली उत्तरं वह्यांत आहेत.

ती उत्तरं काय होती? सुरुवातीला जास्त बीजं मिळावीत म्हणून संप्रेरकांची इंजेक्शनं दिली जात. बीजं मिळत, फळत, गर्भ दिसायला उत्तम, पण रुजेना. अपयशांची ओळ लागल्यावर लक्षात आलं की या औषधांमुळे पाळीच्या उत्तरार्धाचं गणित बिघडतंय. गर्भ उतरतो तेव्हा अस्तर त्याच्यासाठी तयार नसतं. गर्भ टिकावा म्हणून जे औषध देत होते, तेच मारक ठरत असावं, असाही संशय पुढे आला. १९७६ मध्ये पहिल्या गर्भधारणेची बातमी प्रसिद्ध झाली, पण तो गर्भ नळीच्या उरलेल्या तुकड्यात जाऊन रुजला होता आणि काढावा लागला. दरम्यान चुकीचे निष्कर्षही निघाले. ज्यांना गर्भ राहिला त्यांच्यात तो संध्याकाळी किंवा रात्री सोडलेला होता, म्हणून रात्रीची वेळ चांगली असावी, असं या मंडळींना वाटू लागलं होतं. पुढे ते टिकलं नाही. पण तेही लिहून ठेवलेलं होतं, म्हणून तर पुढच्यांना खोडता आलं.

शेवटी त्यांनी इंजेक्शनं सोडून दिली. निसर्ग महिन्याला जे एक बीज देतो, तेच घ्यायचं ठरलं. त्यासाठी दर तीन तासांनी लघवी तपासून बीज कधी सुटेल याचा अंदाज घ्यायचा, मग मध्यरात्र असली तरी ऑपरेशन. १० नोव्हेंबर १९७७ रोजी लेस्ली ब्राउन या ब्रिस्टलच्या बाईचं असं एकच बीज काढलं. दोन दिवसांनी आठ पेशींचा गर्भ गर्भाशयात सोडला. २५ जुलै १९७८ च्या रात्री ओल्डहॅमच्या सरकारी रुग्णालयात लुईज ब्राउन जन्मली. लेस्ली तेव्हा तीस वर्षांची, नऊ वर्षं मुलाची वाट पाहणारी, दोन्ही नळ्या निकामी. त्या दिवशी मिरजेला माझी आत्या अठ्ठावीस वर्षांची होती.

कलकत्त्याचं उत्तर

लुईजनंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात आणखी एक मुलगी जन्मली. सुभाष मुखोपाध्याय या डॉक्टरांनी ते घडवलं होतं. 'एक डॉक्टर की मौत' हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढचं माहीत आहे. राज्य सरकारने समिती नेमली, या क्षेत्रात काम केलेला कोणी त्या समितीत नव्हता, दावा खोटा ठरवला गेला, परदेशी परिषदेला जायची परवानगी मिळाली नाही, १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली आणि त्याच वर्षी १९ जूनला त्यांनी आत्महत्या केली.

ही शोकांतिका पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यात त्यांचं शास्त्र मात्र हरवतं. ओल्डहॅमला जे अडलं होतं, तेच नेमकं मुखोपाध्यायांनाही दिसलं होतं: इंजेक्शनं दिली तर बीजं मिळतात, पण त्या महिन्यात अस्तर साथ देत नाही. ओल्डहॅमने इंजेक्शनं सोडली. मुखोपाध्यायांनी इंजेक्शनं ठेवली आणि महिना सोडला. त्यांनी गर्भ गोठवले, आणि पुढच्या एका नैसर्गिक चक्रात, अस्तर आपल्या लयीत तयार असताना, ते गर्भाशयात सोडले. बीजंही त्यांनी पोटाला दुर्बीण लावून न काढता योनीमार्गाने काढली होती.

आज जगभर काय करतात? इंजेक्शनं देतात, योनीमार्गाने बीजं काढतात, आणि कित्येकदा सगळे गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडतात. माझ्या क्लिनिकने मला हाच कार्यक्रम हाती दिला, तेव्हा त्या छापील कागदावर कोणाचंच नाव नव्हतं. गोठवलेल्या गर्भापासूनचं बाळ बाकी जगात १९८४ साली जन्मलं.

भारतात अधिकृतपणे नोंदलेलं पहिलं बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये जन्मलं, हर्षा. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार होते. १९९७ मध्ये मुखोपाध्यायांचे कागद आनंद कुमारांच्या हाती आले. त्यांनी ते वाचले आणि जाहीरपणे लिहिलं की पहिला मान माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे जातो. स्वतःचा 'पहिला' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडणारा शास्त्रज्ञ विरळा. आणि हे शक्य झालं ते मुखोपाध्यायांनी हाताने लिहिलेल्या नोंदी उरल्या होत्या म्हणून.

नळी काढून टाकताना

टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र नळीला वळसा घालण्यासाठी जन्मलं. त्यामुळे सुरुवातीची वर्षं असं धरलं गेलं की आता नळी कशी का असेना, काय फरक पडतो? फरक पडत होता. १९९०च्या दशकात ठिकठिकाणचे आकडे एकत्र केल्यावर दिसलं की ज्यांची नळी पाण्याने फुगलेली आहे, त्यांच्यात गर्भ राहण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर येतं. नळीतलं साचलेलं पाणी गर्भाशयात झिरपतं आणि गर्भाला रुजू देत नाही. १९९९ मध्ये स्वीडन आणि शेजारच्या देशांतल्या डॉक्टरांनी चाचणी करून दाखवलं की अशी नळी आधी काढून टाकली, तर बाळ जन्मण्याची शक्यता वाढते.

माझ्या डॉक्टरबाईंनी हेच सुचवलं. मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काढायची? अगं, अवयव आहे तो! एकच उरेल." मी तिला समजावत होते, पण मलाही ते जड जात होतं. मूल हवं म्हणून मूल होण्याची वाटच कापायची, हे बुद्धीला पटलं तरी मनाला पटत नव्हतं.

मग एका रात्री मी १९७८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली स्टेप्टो आणि एडवर्ड्सची मूळ टिपणी वाचली. लेस्ली ब्राउनच्या नळ्या बंद होत्या, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या टिपणीत आणखी एक ओळ आहे. ऑगस्ट १९७७ मध्ये, म्हणजे बीज काढण्याच्या तीन महिने आधी, स्टेप्टोने पोट उघडून तिच्या दोन्ही नळ्यांचे उरलेले भाग काढून टाकले होते. चिकटलेले बीजकोश मोकळे करून हाताला येतील असे ठेवायचे, हाही त्या ऑपरेशनचा भाग होता. नळीतल्या पाण्याचा परिणाम तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. लुईज ब्राउन ज्या पोटात वाढली, त्या पोटात नळी नव्हतीच. त्यानंतर आठवड्याभरात मी ऑपरेशनची तारीख घेतली.

उरलेले दोन पत्ते

नळीची गाठ सुटल्यावर मागे दडलेल्या इतर गाठी दिसू लागल्या. एक, पुरुषाची बाजू. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू सुईने थेट बीजात सोडून गर्भधारणा झाल्याचं छापलं. त्याआधी शुक्रजंतू फारच कमी असतील तर उपाय जवळजवळ नव्हता. उपाय आल्यावर एक सामाजिक गंमत झाली: पुरुषांच्या तपासण्या वाढल्या. उपाय नसलेलं कारण लोक शोधत नाहीत, विशेषतः ते पुरुषात सापडणार असेल तर.

दुसरी गाठ वयाची. वाढत्या वयात गर्भ राहत नाही तो गर्भाशय थकतं म्हणून की बीज थकतं म्हणून? १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तरुण दात्यांची बीजं दिली, आणि त्यांना तरुणींइतकंच यश मिळालं. म्हणजे वय होतं ते बीजाचं. ब्रिटनमध्ये आज पस्तिशीच्या आत, सोडलेल्या दर तीन गर्भांमागे साधारण एक बाळ जन्मतं. ४३-४४ व्या वर्षी हेच प्रमाण वीसात एकाच्या आसपास येतं. प्रबंध, मग पोस्टडॉक, मग पक्की नोकरी, मग बघू, असं म्हणणाऱ्या माझ्या पिढीतल्या आणि माझ्यासारख्या परदेशी आलेल्या मुलींनी हा आकडा कोणाच्या टोमण्यातून कळण्याआधी स्वतःहून माहीत करून घ्यावा, इतकंच सांगते. तो दोषारोप नाही, माहिती आहे.

हे आकडे आपल्याला मिळतात कारण ब्रिटनमध्ये १९९१ पासून प्रत्येक उपचाराची नोंद कायद्याने ठेवावी लागते, यशस्वी असो वा नसो. भारतात २०२१ च्या कायद्याने तशी राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली आहे. ती नीट भरली जावी, एवढीच माझी इच्छा आहे. फक्त गोंडस बाळांचे फोटो भिंतीवर लावणाऱ्या क्लिनिकमधून काही शिकता येत नाही.

नोंदीतसुद्धा कोण येतं आणि कोण सुटतं, हे पाहावं लागतं. ओल्डहॅममधल्या स्मृतिफलकावर जीन पर्डीचं नाव असावं, म्हणून एडवर्ड्सने १९८०च्या दशकात पत्रं लिहिली. तिचा वाटा आमच्या दोघांच्या बरोबरीचा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही. १९८५ मध्ये ती एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. तिचं नाव तिथल्या फलकावर यायला २०१५ उजाडलं.

आत्याचा फोन

माझं ऑपरेशन झालं. पहिला गर्भ रुजला नाही. चार गोठवलेले आहेत, पुढचा प्रयत्न दोन महिन्यांनी. अहवालात न रुजलेल्या गर्भाचीही नोंद आहे: दिवस पाचवा, प्रत, अस्तराची जाडी, तारीख. वाईट वाटलं, पण कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. अहवालात तशी जागाच नाही.

गेल्या महिन्यात मी आत्याला व्हिडिओ कॉल केला. ती आता पंच्याहत्तरीची आहे, सांगलीला राहते, यजमान जाऊन बारा वर्षं झाली. मी तिला हळूहळू सगळं सांगितलं. गंडमाळेतला क्षय रक्तातून नळ्यांपर्यंत जाऊ शकतो, तेराव्या वर्षीच ते घडून गेलेलं असू शकतं. नक्की सांगता येणार नाही, हेही सांगितलं. काकांची तपासणी झाली नव्हती, तेव्हा त्यांच्या बाजूनेही काही असू शकेल, हेही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, नेट गेलं. मग तिने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "म्हणजे लग्न होऊन त्या घरात गेले, त्याच्या आधीच झालं होतं म्हण की."

"असू शकतं, आत्या."

"आणि मी इतकी वर्षं समजत होते, प्रदक्षिणा मोजताना कुठंतरी चुकले."

मग तिने विचारलं, माझं पुढचं कधी आहे. मी तारीख सांगितली. ती म्हणाली, "थांब, पेन आणते," आणि कॅमेऱ्यासमोरून उठून गेली. मला थोडा वेळ तिची रिकामी खुर्ची आणि भिंतीवरचं कालनिर्णय दिसत होतं. मग ती परत आली, आणि भिंतीशी जाऊन त्या तारखेच्या चौकोनात काहीतरी लिहू लागली.